प्रश्न विचारणारीला गुण किती?

आपल्या हातातला मोबाइल हल्ली फार बक्षिसं वाटायला लागलाय. पैसे पाठवले की स्क्रॅच कार्ड येतं. बोटानं खरवडलं की कधी पाच रुपये निघतात, कधी नुसतंच 'पुढच्या वेळी बघू'. पोरं इंग्रजी शिकायचं ॲप रात्री अकरा वाजता का होईना उघडतात, कारण सलग दिवसांचा आकडा तुटला तर त्यांना चैन पडत नाही. कुठं तारे, कुठं पदकं, कुठं पायऱ्या. जे काम मुळात खेळ नाही, त्याला खेळातले गुण आणि बिल्ले लावायचे, या प्रकाराला गेमिफिकेशन असं भलंमोठं नाव आहे. हा शब्द २०१० च्या सुमारास सगळीकडं ऐकू यायला लागला, पण गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती.

तीच गोष्ट आज सांगायची आहे. दुकानदारांची कार्डं आणि कुपनं आम्ही बाजूला ठेवतोय. आपल्याला बघायचंय ते वेगळं. इंटरनेट आलं, आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांचे मोठमोठे समूह तयार झाले. पगार कुणाला नाही, हजेरीची सक्ती नाही, तरी माणसं यावीत, बोलावीत, काम करावं, टिकावीत, यासाठी तिथं काय काय केलं गेलं? बाराजणींचा गट दर आठवड्याला एका ओट्यावर जमवताना ज्यांची दमछाक होते, त्यांना हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही.

सुरुवात पतीपासून झाली. पत म्हणजे आपल्या पतसंस्थेतली पत. सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिद्यार या माणसानं घरगुती वस्तूंच्या लिलावाचं एक संकेतस्थळ काढलं. तेच पुढं ईबे या नावानं जगभर गेलं. विकलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. पण अडचण अशी होती, की विकणारा एका टोकाला, घेणारा दुसऱ्या टोकाला. पैसे आधी कुणी पाठवायचे? गावात आपण विचारतो, 'कुणाची गं ती? बोलायला कशी आहे?' तिथं विचारायचं कुणाला? म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये ईबेनं एक सोय केली. व्यवहार झाला की घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं एकमेकांबद्दल शेरा लिहायचा: चांगला असेल तर एक गुण अधिक, वाईट असेल तर एक गुण वजा, मधला असेल तर शून्य. दहा गुण झाले की नावापुढं पिवळा तारा. पन्नासला निळा. असे रंग बदलत जायचे.

लोकांना तो तारा फार प्रिय झाला. तारा असलेल्याचा माल विकला जायचा, मग तो जपायला लोक मालही नीट पाठवायला लागले. इथपर्यंत सगळं छान. पण दोन्हीकडून शेरा द्यायची सोय असल्यामुळं एक वेगळाच व्यवहार सुरू झाला. 'तू मला वाईट लिहिलंस तर मीही तुला वाईट लिहीन' या भीतीनं फसवणूक झालेली माणसंही गप्प बसायला लागली. शेवटी २००८ साली ईबेनं नियमच बदलला: विकणाऱ्यानं घेणाऱ्याला वाईट शेरा द्यायचा नाही. म्हणजे बारा वर्षं जी पत गुणांत मोजली जात होती, तिच्यातला काही भाग नुसत्या भिडेचा होता.

दुसरी जागा स्लॅशडॉट. १९९७ साली निघालेलं हे संगणकाच्या बातम्यांचं संकेतस्थळ. बातमीखाली शेकडो लोक आपापलं मत लिहायचे आणि त्यात चांगलं काय नि फालतू काय हे निवडणं अवघड जायचं. त्यांनी निवडायचं काम वाचकांवरच सोपवलं. कुणाच्याही लिखाणाला उणे एक ते पाच असा गुण मिळायचा, आणि चांगलं लिहिणाऱ्याच्या खात्यात जे साठत जायचं त्याला त्यांनी नाव दिलं होतं कर्म. आपलंच कर्म! आपण ज्याला 'भोगावं लागतं' म्हणतो, ते तिकडं लोक साठवत होते. साठवता साठवता त्याचा खेळ झाला. खरं सांगण्यापेक्षा गुण कशानं मिळतात ते ओळखून लोक लिहायला लागले. तेव्हा चालवणाऱ्यांनी आधी कर्माला वरची हद्द घातली आणि नंतर आकडा दाखवणंच बंद करून 'चांगलं', 'उत्कृष्ट', 'वाईट' असे शब्द ठेवले. आम्हाला ही गोष्ट मोठी शहाणपणाची वाटते. आकडा झाकला की निम्मी चढाओढ थंडावते. शाळेत टक्क्यांच्या जागी श्रेणी आली तेव्हा आपल्याकडंही काहीसा हाच विचार होता.

आता विकिपीडिया. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेला हा ज्ञानकोश, कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा. मराठी विकिपीडियाही १ मे २००३ पासून चालू आहे. महाराष्ट्र दिनाचाच मुहूर्त. इथं गुण नव्हते. पण डिसेंबर २००३ पासून तिथं एक पद्धत रुजली, ती म्हणजे बार्नस्टार. बार्न म्हणजे शेतातलं धान्याचं, चाऱ्याचं मोठं लाकडी कोठार. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांत अशी रीत होती, की कुणाला कोठार उभं करायचं असलं की आजूबाजूची सगळी घरं एका दिवशी गोळा व्हायची आणि सांगाडा उभा करूनच घरी जायची. आपल्याकडं इर्जिक घालतात किंवा सावडीनं कामं करतात, तसंच. मजुरी नाही, जेवण मात्र भरपूर. (ते जेवण रांधायला बायका पहाटेपासून चुलीपाशी असायच्या, हे तिकडचंही खरं आहे. पण उचलल्या तुळया मोजतात, थापलेल्या भाकरी कोण मोजतंय!) काही भागांत अशा कोठारांच्या भिंतीवर शोभेचा धातूचा तारा लावलेला असतो. त्या ताऱ्याचं चित्र विकिपीडियावरच्या लोकांनी उचललं. कुणी मन लावून काम केलेलं दिसलं, की दुसऱ्या एखाद्यानं त्याच्या पानावर जाऊन तारा ठेवायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या, अमुक लेख फार निगुतीनं केलात म्हणून. हा तारा यंत्र देत नाही. माणूस माणसाला देतो.

याचा उपयोग होतो का, हे दोन संशोधकांनी करून पाहिलं आणि २०१२ साली छापलं. सर्वांत जास्त काम करणाऱ्या एक टक्का लोकांतून त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोनशे निवडले. शंभरांना तारा दिला, शंभरांना दिला नाही. पुढच्या तीन महिन्यांत तारा मिळालेल्यांनी दुसऱ्यांपेक्षा साठ टक्के जास्त काम केलं. एका चित्रानं आणि दोन ओळींनी! पण सख्यांनो, इथंच थांबलं तर अर्धीच गोष्ट कळेल. त्याच दोघांनी नंतर कमी काम करणाऱ्यांनाही असाच तारा देऊन बघितला, तर त्यांच्या कामात वाढ झाली नाही. जी आधीच पुढं होती तीच माणसं आणखी पुढं गेली.

मग नव्यानं आलेल्यांचं काय? त्याचं उत्तर जर्मन भाषेतल्या विकिपीडियावर मिळालं. तिथं एका संशोधक बाईंनी नव्यानं आलेल्या सुमारे चार हजार जणांतून चिठ्ठीनंच काहींना एक मान दिला. स्वित्झर्लंडच्या डोंगरात फुलणाऱ्या एका पांढऱ्या फुलाचं नाव त्याला होतं. पैसा नाही, अधिकार नाही, फक्त फूल आणि नाव. मान मिळालेल्यांपैकी पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांनी वाढलं. हे २०१७ साली छापून आलं. आम्ही या दोन गोष्टी शेजारी ठेवून बरंच बोललो. जो मागं बसलाय त्याच्या गळ्यात हार घालून तो पुढं येत नाही. पण जी नुकतीच उंबऱ्यावर आलीय आणि आत यावं की नाही या विचारात आहे, तिला 'ये, बस' म्हटलेलं पुरतं. असा आमचा अर्थ, तुमचा वेगळा असू शकेल.

आता ज्या जागेसाठी ही सगळी गोष्ट सांगायला घेतली, तिकडं येतो. तिचं नाव स्टॅक ओव्हरफ्लो. सप्टेंबर २००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी ती सुरू केली. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी अडलेला प्रश्न विचारायचा, ज्याला येतं त्यानं उत्तर द्यायचं. आज आपल्या मोबाइलमधलं बँकेचं ॲप ज्यांनी बनवलं असेल, त्यांनीही कधी ना कधी इथं डोकावलेलं असणार. इथं गुणांची व्यवस्था फार बारकाईनं बांधलेली होती. उत्तर कुणाला आवडलं की दहा गुण. नापसंत झालं की दोन वजा. दुसऱ्याच्या उत्तराला नापसंत म्हणायचं तर आपलाही एक गुण जायचा, म्हणजे कुणी उगाच कुणाला पाडू नये. शिवाय कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे बिल्ले. आणि मुख्य म्हणजे गुण नुसते शोभेचे नव्हते, त्यांच्यासोबत अधिकार यायचे. पंधरा गुण झाल्याशिवाय कुणाच्या लिखाणाला पसंती देता यायची नाही. पन्नास झाल्याशिवाय दुसऱ्याच्या प्रश्नाखाली शेरा लिहिता यायचा नाही. तीन हजार झाले की एखादा प्रश्न बंद करायचा की नाही यावर मत देता यायचं. या गुणांना तिथं नाव होतं रेप्युटेशन. पुन्हा पतच.

बिल्ल्यांची एक गंमत आधी सांगून टाकतो. ठरावीक संख्येनं मतं दिली की तिथं बिल्ला मिळायचा. २०१३ साली काही संशोधकांनी पाहिलं, की बिल्ला जवळ येईल तसतशी माणसं भराभर मतं देतात, आणि मिळाला की हात आखडतात. यात आपल्याला नवल वाटू नये. २०००-०१ पासून आपल्याकडं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान झालं, गावागावांत गुणांची चुरस लागली, हागणदारीवर उघड बोलायची सोय झाली. ते फार मोठं काम होतं. पण समिती यायच्या आदल्या रात्रीचा झाडू आणि समिती गेल्यानंतरच्या सोमवारचा झाडू यांतला फरकही आपल्याला ठाऊक आहे.

तर गुण. सुरुवातीला चांगल्या प्रश्नालाही दहा गुण होते आणि चांगल्या उत्तरालाही दहाच. मार्च २०१० मध्ये चालवणाऱ्यांनी प्रश्नाचे गुण निम्मे केले, पाच. कारण वरवर पटण्यासारखं होतं: उत्तर द्यायला कष्ट पडतात, प्रश्न काय कुणीही विचारेल. हा नियम पुढं साडेनऊ वर्षं चालला.

दरम्यान एक गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर यायला लागली. तिथं बायका फार कमी होत्या, आणि ज्यांच्याकडं सर्वांत जास्त गुण त्यांच्यात तर अगदीच थोड्या. २०१६ साली काही संशोधकांनी तिथं न रमणाऱ्या बायकांनाच विचारलं, की का गं बोलत नाहीस? कुणी म्हणालं, उत्तर देण्याइतकं आपल्याला येतं असं वाटत नाही. कुणी म्हणालं, एवढ्या अनोळखी माणसांपुढं बोलायचं दडपण येतं. आणि एक कारण वाचून आम्ही थबकलोच: असल्या ठिकाणी वेळ घालवणं म्हणजे कामचुकारपणा, असं त्यांना वाटायचं. या शिकलेल्या, पगार मिळवणाऱ्या बायका. 'घरचं टाकून मीटिंगला कुठं निघालीस' हे त्यांना कुणी म्हणत नसेलही. ते आतूनच ऐकू येतं.

मग २०१९ साली ॲना मे, योहानेस वॉक्स आणि अनिको हन्नाक या तिघांनी तिथल्या गुणांचा हिशोबच तपासला, जसं आपण वर्षाअखेरीला गटाचं ऑडिट करतो. बाईच्या खात्यात सरासरी पुरुषाच्या जवळजवळ निम्मेच गुण निघाले. का, हे त्यांनी उलगडून दाखवलं. पुरुष उत्तरं जास्त देत होते आणि त्यांच्या उत्तरांना गुणही जास्त पडत होते. बायका प्रश्न जास्त विचारत होत्या, आणि त्यांच्या प्रश्नांना पसंतीही चांगली मिळत होती. पण नियमच असा, की प्रश्नाची पसंती निम्म्या मोलाची. तिघांनी कागदावर गुणांची मांडणी बदलून पाहिली, तर बाई आणि पुरुष यांच्यातली तफावत अर्ध्यावर आली. एकाही बाईला जास्त काम करायला न सांगता, एकाही पुरुषाचं काम न नाकारता.

ज्यांनी २०१० साली नियम केला त्यांच्या मनात बायकांना मागं ठेवायचं होतं, असं आम्हाला म्हणायचं नाही. त्यांच्या मनात बायका आल्याच नसतील, एवढंच. पण गुणांतून अधिकार येतात हे आठवा. ज्यांचे गुण निम्मे, त्यांना अधिकाराच्या पायऱ्या चढायला दुप्पट वेळ लागणार. प्रश्न बंद करायचा की ठेवायचा हे ठरवणारे कोण? ज्यांनी उत्तरं देऊन गुण कमावले तेच. विचारणाऱ्यांच्या रांगेतून तिथं पोचणारं कमीच.

१३ नोव्हेंबर २०१९ ला स्टॅक ओव्हरफ्लोनं जाहीर केलं, की प्रश्नाच्या पसंतीलाही आता दहाच गुण. चांगला प्रश्न विचारणं हेही काम आहे, असं त्यांनी मान्य केलं. आणि नियम मागल्या तारखेपासून लावला, म्हणजे जुन्या सगळ्या प्रश्नांचे गुण नव्यानं मोजले. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी एखादा नेमका प्रश्न विचारला होता आणि ज्यावर हजारो लोकांचं काम भागलं होतं, त्यांच्या खात्यात एकदम भर पडली. नाराजीही झाली. आम्ही कष्टानं उत्तरं दिली, आणि विचारणाऱ्याला सारखंच? वाटणी बदलली की असं होतंच.

आता घरचं बोलू. आपल्या बचत गटांनाही मोजमाप आहे. पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. फिरता निधी मिळायचा तर याच पाच गोष्टी बघितल्या जातात, आणि बघायलाच हव्यात; त्यांच्याशिवाय गट उभा राहत नाही. पण या पाच रकान्यांत काय मावत नाही तेही एकदा बघा. 'ताई, हे व्याज एवढं कसं आलं, मला परत सांगा' असं जी बैठकीत विचारते, तिच्यामुळं न विचारलेल्या अकरा जणींनाही हिशोब कळतो. बऱ्याचदा सचिवालाही तेव्हाच कळतो! पण हजेरीच्या रकान्यात तिची सही बाकीच्यांसारखी एकच. आणि 'किती गं विचारते ही' हा शेरा वेगळा.

दुसरं, मोबाइलचं. आमच्याकडं काही ग्रामसंघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'महिन्याची सक्रिय सखी' निवडायची टूम निघालीय. हेतू चांगला आहे, ग्रुप जागा राहावा. पण मोजायचं काय, तर मेसेज. मग सकाळी सहापासून फुलांचे फोटो आणि सुविचार यायला लागतात, आणि कर्जाच्या हप्त्याची कामाची सूचना त्यांच्याखाली गाडली जाते. याहून मोठी गोष्ट म्हणजे फोन कुणाचा? जिच्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो मुलगा रात्री नऊला घेऊन येतो, तिनं किती मेसेज टाकायचे? ती कधीच सक्रिय सखी होणार नाही, मग गटासाठी ती तीन वेळा तालुक्याला जाऊन आलेली असली तरी. मेसेज मोजले की घरातल्या फोनची मालकी मोजली जाते. ज्या ग्रुपवर ही निवड चालते, त्यांनी निदान मेसेजची मोजणी थांबवावी, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

आमच्या काही गटांनी यावर साधा उपाय सुरू केलाय. गुण नाहीत, बिल्ला नाही. बैठकीच्या इतिवृत्तात शेवटी एक जागा सोडायची: आज कुणी कोणता प्रश्न विचारला. विचारणारीचं नाव, प्रश्न, आणि उत्तर मिळालं असेल तर ते. नसेल मिळालं तर जागा कोरी ठेवायची आणि पुढच्या बैठकीत सर्वांत आधी ते पान उघडायचं. लिहिता येत नाही अशा बाईचं नाव वहीत आजवर फक्त अंगठ्यापुढं असायचं, ते आता तिच्या प्रश्नापुढं येतं. अशा वह्यांमध्ये एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा सापडला: दरवर्षी बँक खात्यातून वीस रुपये आपोआप कापले जातात ते कशाचे? तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता आहे, अपघाताचा दोन लाखांपर्यंतचा विमा. कुणाला मिळतो, कागद कोणते लागतात, अर्ज किती दिवसांत करायचा, हे याच वेळेला पुढच्या बुधवारी.